वाहत्या बर्फावरचा संसार

ग्रीनलंड या जगातील सर्वांत मोठ्या बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग बर्फाच्या अखंड थराखाली आहे. किनाऱ्यालगत डोंगर, खाड्या, कोळ्यांची गावे आणि थोडीफार हिरवळ दिसते. मात्र किनारा सोडून दोन-तीनशे किलोमीटर आत गेले, की केवळ पांढरे पठार आणि आकाश एवढेच उरते. खडक नाही, झाड नाही, माती नाही. या पठारावर, ईशान्य भागात, सुमारे ७५ अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर ‘ईस्टग्रिप’ नावाचा संशोधन तळ उभारण्यात आला. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अनेक देशांनी मिळून चालविलेल्या या तळाचा उद्देश एकच होता. पायाखालचा बर्फ थेट बुडापर्यंत विंधून त्याचा सलग गाभा बाहेर काढणे. जुलै २०२३ मध्ये हे काम सुमारे २,६७० मीटर खोलीवर, चिखलापाशी, पूर्ण झाले.

ध्रुवीय संशोधनाच्या बातम्या येतात त्या निष्कर्षांच्या. समुद्राची पातळी किती वाढणार, तापमान किती चढणार, याचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात. ते आकडे ज्या बर्फातून निघतात तो बर्फ काढणारी माणसे तेथे राहतात कशी, जेवतात काय, झोपतात कुठे, आणि आंघोळ करतात की नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः या बाजूचा परामर्श घेतला आहे.

बर्फाची नदी

ईस्टग्रिपची जागा निवडण्यामागे विशेष कारण होते. ग्रीनलंडमध्ये यापूर्वीही बर्फ विंधला गेला होता. १९६६ मध्ये कॅम्प सेंचुरी येथे, १९८१ मध्ये डाय-३ येथे, पुढे ग्रिप, नॉर्थग्रिप आणि नीम या तळांवर हे काम झाले. (‘नीम’चा आपल्या कडुनिंबाशी संबंध नाही, ‘ईमियन’ नावाच्या प्राचीन उष्ण कालखंडावरून ते आद्याक्षरी नाव आले आहे.) या जागा शक्यतो अशा निवडल्या होत्या, की तेथील बर्फ फारसा हलत नाही आणि थर एकावर एक नीट बसलेले असतात. ईस्टग्रिपच्या बाबतीत मात्र मुद्दाम उलट केले गेले. हा तळ ईशान्य ग्रीनलंडच्या महाकाय हिमप्रवाहावर बसविला गेला.

हिमप्रवाह म्हणजे बर्फातून वाहणारी बर्फाचीच नदी. तिचे दोन्ही काठही बर्फाचेच असतात, फक्त ते प्रवाहापेक्षा कितीतरी सावकाश सरकतात. हा प्रवाह बेटाच्या अंतर्भागापासून ईशान्य किनाऱ्यापर्यंत शेकडो किलोमीटर वाहतो आणि तेथील मोठ्या हिमनद्यांतून समुद्रात उतरतो. तळाच्या जागी त्याचा वेग वर्षाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे दिवसाला साधारण वीतभरापेक्षा थोडा कमी. तळावरील स्वयंपाकघर, तंबू, विमानाची धावपट्टी आणि झोपलेली माणसे, सगळे मिळून रोज सोळा सेंटीमीटर किनाऱ्याकडे सरकत असत. कोणाला काही जाणवत नसे; उपग्रहावरून स्थान मोजणाऱ्या यंत्रालाच तेवढे ते कळे.

हा बर्फ समुद्राकडे का आणि कसा धावतो, हे न कळता भविष्यातील समुद्रपातळीचे गणित मांडणे कठीण आहे. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर जगाची समुद्रपातळी सरासरी सात मीटरहून अधिक वाढेल. तसे घडण्यास कित्येक शतके लागतील हे खरे. पण त्या वाटेवरचा एक-एक सेंटीमीटरही किनारपट्टीच्या शहरांना महाग पडणारा आहे. येथे एक गोष्ट मुंबईकरांनी लक्षात घ्यावी. प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालच्या समुद्राला स्वतःकडे ओढून धरीत असतो. तो बर्फ कमी झाला की ग्रीनलंडच्या आसपासचे पाणी उलट खाली जाते आणि दूरच्या, उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर ते सरासरीपेक्षा जास्त चढते. अंतर जास्त म्हणून चिंता कमी, असा हिशेब येथे लागू पडत नाही.

ओढत नेलेले घर

तळाची मुख्य इमारत ही एक गंमतच आहे. बाहेरून काळा, घुमटासारखा, तीन मजल्यांचा लाकडी सांगाडा. आत खाली स्वयंपाकघर व जेवणाची जागा, वर बसण्या-झोपण्याची व कामकाजाची सोय, आणि अगदी शेंड्याला चहूकडे पाहण्यासाठी छोटी टेहळणीची खोली. ही इमारत मुळात नीम तळासाठी बांधलेली. ते काम २०१२ मध्ये संपल्यावर ती मोडून टाकण्याऐवजी २०१५ मध्ये तिला तिच्या भल्यामोठ्या स्कींवर उभे करून, पट्ट्याच्या चाकांच्या यंत्रांनी साडेचारशे किलोमीटरहून अधिक अंतर बर्फावरून ओढत नव्या जागी आणण्यात आले. घर मोडून विटा नेणारे आपण पाहिले आहेत. स्वयंपाकघरासकट तीन मजली घर ओढत नेण्याचा हा प्रकार विरळाच.

स्की ठेवण्यामागे केवळ प्रवासाची सोय नव्हती. ध्रुवीय पठारावर बर्फ वितळून वाहून जात नाही, तो साचतच जातो. उघड्या पठारावर वर्षाला जेवढा हिम पडतो त्याच्या कितीतरी पट अधिक हिम वाऱ्याने उडून इमारतींच्या आडोशाला गोळा होतो. जी वस्तू एका जागी ठेवाल ती काही वर्षांत गाडली जाईल. भारताचा अंटार्क्टिकावरील पहिला तळ ‘दक्षिण गंगोत्री’ याच रीतीने बर्फाखाली गेला आणि १९९० च्या सुमारास वापरातून काढावा लागला. म्हणूनच त्यापुढचे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे तळ खडकाळ जागी उभारण्यात आले. ईस्टग्रिपवर खडक नव्हताच, तेव्हा घरच हलते ठेवण्याचा मार्ग पत्करला गेला. एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी पहिली तुकडी पोहोचे, तेव्हा तिचे पहिले काम फावडे हाती घेऊन दार शोधण्याचे असे.

पोहोचणे

या तळाला रस्ता नाही. पश्चिम किनाऱ्यावरील कांगरलुसुआक हे गाव म्हणजे एके काळचा अमेरिकी हवाईतळ. तेथून सुमारे अकराशे किलोमीटरचा प्रवास स्की लावलेल्या हर्क्युलिस विमानातून होई. ही विमाने अमेरिकेच्या न्यूयॉर्क हवाई दलाच्या राखीव तुकडीची आहेत. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड अशा दोन्ही ठिकाणी संशोधकांची ने-आण तीच करते. विमान बर्फावर उतरले तरी त्याची इंजिने बंद केली जात नाहीत, कारण त्या थंडीत ती पुन्हा सुरू न होण्याचा धोका असतो. पंख्यांचा वारा आणि हिमकणांचा धुरळा सुरू असतानाच माणसे उतरतात, पेट्या उतरतात आणि परतणारे चढतात. उन्हाळ्यात बर्फ मऊ व चिकट झाला म्हणजे भरलेले विमान वेग घेऊ शकत नाही. धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-दोन, तीन-तीन वेळा धावून पाहावे लागते. प्रसंगी सामान उतरवून ठेवून वजन हलके करतात.

नवागताला पहिला फटका थंडीचा बसत नाही. तो बसतो विरळ हवेचा. समुद्रसपाटीवरून दोन-अडीच तासांत माणूस २,७०० मीटरवर येतो. त्यातही ध्रुवांकडील वातावरणाचा थर पातळ असल्याने शरीराला ती उंची प्रत्यक्षाहून अधिक भासते. दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, डोके जड होते, रात्री झोप तुटते. म्हणून पहिल्या दिवशी काम करू नये, भरपूर पाणी प्यावे, हा दंडक. तरीही उत्साहाने फावडे उचलणारे तरुण असतातच आणि संध्याकाळी डोके धरून बसलेले तेच असतात.

रात्र नसलेला दिवस

मे ते ऑगस्ट या हंगामात येथे सूर्य मावळत नाही. तो क्षितिजावर गोल फिरत राहतो. मध्यरात्री बाहेर आले तरी डोळ्यांवर काळा चष्मा लागतो, अन्यथा हिमावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि काही तास दिसेनासे होते. अशा ठिकाणी घड्याळ हीच शिस्त. न्याहारी, दुपारचे जेवण, मधला कॉफीचा वेळ आणि रात्रीचे जेवण ठरलेल्या वेळी, सर्वांनी एकत्र घ्यायचे असते. बाहेरून पाहणाऱ्यास हा रिवाज किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात जेवणाच्या टेबलावर कोणाची खुर्ची रिकामी आहे, हे पाहणे ही तळावरची सर्वांत साधी आणि सर्वांत खात्रीची सुरक्षा-व्यवस्था आहे.

तळावर एका वेळी साधारण पंचवीस ते पस्तीस माणसे असत. संशोधक आणि विद्यार्थी, विंधन करणारे तंत्रज्ञ, यंत्रदुरुस्ती करणारे, एक डॉक्टर आणि एक आचारी. अनेकजण चार ते सहा आठवडे राहून परतत आणि त्यांच्या जागी दुसरे येत. काहींची झोपण्याची सोय घुमटात, उरलेल्यांची बाहेरच्या तंबूंत. त्यातले लाल, गोलसर तंबू दुरून बर्फावर ठेवलेल्या टोमॅटोंसारखे दिसत आणि त्यांना तेच नाव पडले होते. तंबूत थोडी ऊब केलेली असली, तरी सकाळी झोपण्याच्या पिशवीच्या तोंडाशी श्वासाची वाफ गोठून बसलेली असते. रात्री पाण्याची बाटली पिशवीत कुशीला घेऊन निजायचे, नाहीतर सकाळी तिचा दगड. ओले मोजे, कॅमेऱ्याची बॅटरी यांनाही कुशीतच जागा मिळते. मेच्या आरंभी तापमान उणे ३० अंश सेल्सिअसच्या खाली असते. जुलैत ते उणे दहा-पंधरापर्यंत चढते आणि मग मंडळी ‘उकडतंय’ म्हणत अंगातले कोट काढू लागतात.

पाणी ही येथली विचित्र चैन आहे. कोट्यवधी टन गोठलेल्या पाण्यावर बसूनही प्यायला थेंब मिळत नाही. तो वितळवावा लागतो आणि वितळवायला इंधन लागते, आणि इंधनाचा प्रत्येक पिंप विमानाने आणावा लागतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक स्वच्छ पट्टा राखून ठेवलेला असतो. तेथे कोणी चालत नाही, यंत्र नेत नाही. तेथला हिम फावड्याने भरून वितळवण्याच्या टाकीत टाकणे ही पाळीपाळीने सर्वांच्या वाट्याला येणारी कामगिरी. प्राध्यापक असो वा पहिल्यांदा आलेला विद्यार्थी, पाळी चुकत नाही. साहजिकच आंघोळ रोज नाही आणि झाली तरी आटोपशीर. हवा इतकी कोरडी असते की घामाचा त्रास फारसा होत नाही; हाताची कातडी मात्र तडकते, बोटांच्या टोकांना चिरा पडतात आणि मलमाच्या डब्या भराभर संपतात. शौचकूप इमारतीपासून दूर. वादळात तेथवर जाण्याचा बेत माणूस बराच वेळ पुढे ढकलतो, हे वेगळे सांगायला नको.

आचाऱ्याचे महत्त्व

तळावर सर्वांत महत्त्वाचा मनुष्य कोण, असे विचारल्यास बहुतेक जुनी मंडळी आचाऱ्याकडे बोट दाखवतील आणि प्रस्तुत लेखकाचेही मत तेच आहे. थंडीत दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यास भूक प्रचंड लागते. मांस, लोणी, चीज, पाव यांचा साठा करणे सोपे, कारण बाहेरचे सारे पठारच शीतपेटी. अडचण उलटी असते. कांदे, बटाटे, अंडी, कोबी, फळे गोठू न देणे हेच खरे कौशल्य. ताज्या भाजीची पेटी घेऊन विमान आले की ती यंत्रांच्या पेट्यांच्या आधी आत पोहोचते. हवामान बिघडून विमाने आठवडाभर अडकली, तर मग डबाबंद पदार्थ, आणि टेबलावरची चर्चा काकडी व टोमॅटोंकडे वळते.

शनिवारच्या संध्याकाळी जेवण मोठे असते. त्या दिवशी मंडळी तेलकट कपडे उतरवून, दाढी-आंघोळ करून, शक्य असेल तर गळ्यात टाय बांधून बसतात. जाड लोकरी स्वेटरवर टाय हे दृश्य हास्यास्पद खरेच. पण डॅनिश तळांवर ही प्रथा वर्षानुवर्षे पाळली गेली आहे. रविवारी सकाळी उशिरा उठण्याची मुभा. एरवी सगळे दिवस सारखेच उजाडलेले असतात. शनिवार आणि रविवार असे ओळखू येतात.

बर्फाखालचे कारखाने

काम मात्र चालते ते जमिनीखाली, म्हणजे हिमाखाली. त्यासाठी केलेली योजना साधी आणि हुशारीची आहे. यंत्राने हिमात लांब खंदक खोदायचा, त्यात भलामोठा, लांबुळका फुगा ठेवून हवा भरायची आणि त्यावर यंत्रानेच हिम उडवून टाकायचे. काही दिवसांत हिमकण एकमेकांत घट्ट बसतात. मग फुग्यातील हवा सोडून तो ओढून काढायचा. मागे कमानदार छताचा बोगदा उरतो. ना तुळई, ना पत्रे. नीम तळावर २०१२ मध्ये याची चाचणी झाली आणि ईस्टग्रिपवर विंधनाचा व प्रयोगांचा असे दोन्ही मुख्य बोगदे याच रीतीने झाले. ही छते कायम टिकत नाहीत. वरच्या हिमाच्या भाराने ती हळूहळू खाली येतात, भिंती आत सरकतात. त्यामुळे दर हंगामात भिंती तासून काढाव्या लागतात. कोविडच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ असे दोन उन्हाळे खोदकाम झाले नाही. २०२२ मध्ये मंडळी परतली, तेव्हा या आकसलेल्या बोगद्यांत पुन्हा जागा करणे हेच मोठे काम होऊन बसले.

विंधनाचे यंत्र म्हणजे पोलादी दोरावर लोंबणारी, कित्येक मीटर लांबीची नळी. तिच्या टोकाशी दाते असतात. ती बर्फात गोल कडे कापत जाते आणि मधला दंडगोल आत घेते. एका फेरीत दोन ते चार मीटर गाभा मिळतो, मग सारी नळी वर ओढायची, गाभा बाहेर सरकवायचा, भुगा काढायचा, दाते तपासायचे आणि पुन्हा खाली सोडायची. भोक जितके खोल तितका वेळ जाण्या-येण्यात जातो. खालच्या टप्प्यांत एकेका फेरीला तासन्‌तास लागतात. बर्फ स्वतःच्या भाराने भोक मिटवू पाहतो, म्हणून ते न गोठणाऱ्या द्रवाने भरून ठेवावे लागते. नीम तळावर यासाठी खोबरेल तेलापासून बनविलेला एक द्रव मिसळून वापरला होता. कोकणातल्या माणसाला ग्रीनलंडच्या पोटात नारळ सापडावा, याची मौज वाटेल. तेथे काम करणाऱ्यांना मात्र त्या चिकट द्रवाचा दर्प कपड्यांतून, हातमोज्यांतून आणि केसांतूनही जाता जात नसे.

साधारण सहाशे ते बाराशे मीटर खोलीवरचा बर्फ सर्वांत कटकटीचा. त्यातील हवेचे बुडबुडे प्रचंड दाबाखाली असतात. गाभा वर आला की तो दाब सुटतो आणि स्पर्शाने, कधी आपोआपही, गाभ्याचे तुकडे उडतात. म्हणून या पट्ट्यातला बर्फ लगेच कापत नाहीत. तळाखालच्या थंड कोठारात महिनोन्‌महिने स्वस्थ पडू देतात. आणखी खाली हवा बर्फाच्या स्फटिकांतच सामावली जाते आणि गाभा काचेसारखा स्वच्छ होतो.

प्रयोगांच्या बोगद्यात तापमान उणे वीस अंशांच्या आसपास. तेथे कपडे कितीही घाला, करवतीपाशी तासभर उभे राहिले की पायांची बोटे निघून गेल्यासारखी वाटतात. गाभ्याचे ५५ सेंटीमीटरचे तुकडे पाडून प्रत्येकास क्रमांक दिला जातो. क्रमांक चुकला किंवा तुकडा उलटा ठेवला गेला, तर इतिहासाची पाने उलटसुलट होतील, म्हणून प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू दर्शविणारी खूण. मग विद्युत्-वाहकतेचे मोजमाप, छायाचित्रण, पातळ काप घेऊन स्फटिकांची दिशा पाहणे असे एकामागून एक टप्पे. ज्वालामुखीच्या उद्रेकातले आम्ल वाहकतेच्या आलेखात उंच टोक होऊन दिसते. एखाद्या दिवशी अशा टोकावरून ओळखीचा उद्रेक सापडला, की थंडी काही वेळ विसरली जाते.

शेवटी हे तुकडे उष्णतारोधक पेट्यांत भरून विमानाने जातात. त्या उड्डाणात मालकक्षाची ऊब बंद ठेवतात आणि वैमानिक-प्रवासी कुडकुडत बसतात. बर्फाला उष्णता लागता कामा नये. ही काळजी अनाठायी नाही. २०१७ मध्ये कॅनडातील एका शीतगृहात यंत्रणा बिघडली आणि आर्क्टिकमधून मोठ्या कष्टाने आणलेल्या हिमगाभ्यांचा काही भाग एका रात्रीत पाणी होऊन गेला. पुन्हा विंधन करणे शक्य असते, पण ज्या हिमनद्या झपाट्याने आटत आहेत तेथे ते दर वर्षी अवघड होत जाते.

मृत्यूची शेजारी

ध्रुवीय तळावर माणसे थंडीने मरतात, असा समज आहे. थंडीशी झुंजायला साधने आहेत आणि शिस्तही आहे. अधिक धास्ती असते ती आगीची. घर लाकडी, हवा शुष्क, वारा जोराचा आणि विझवायला वाहते पाणी नाही. मुख्य इमारत जळाली तर पुढचे विमान येईपर्यंत जगता यावे, म्हणून कपडे, अन्न, चूल आणि संपर्कयंत्र यांचा वेगळा साठा दूर ठेवणे हा सर्वच तळांवरचा नियम आहे.

दुसरी धास्ती वासही नसलेल्या विषारी वायूची. वारा आत येऊ नये म्हणून तंबू घट्ट बंद केला आणि आत किंवा शेजारी चूल, जनित्र सुरू असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि झोपेतच माणूस जातो. अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये अंटार्क्टिकावरील एकाकी झोपडीत याच कारणाने मरता मरता वाचले. भारतालाही हा धडा फार महागात मिळाला. १९९० मध्ये अंटार्क्टिकाच्या हम्बोल्ट पर्वतरांगेत मुक्कामाला असलेले भारतीय मोहिमेचे चार सदस्य तंबूत याच वायूने मृत्युमुखी पडले. त्यांचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.

तिसरे संकट शुभ्र अंधाराचे. ढग, धुके आणि उडता हिम एक झाले की वर-खाली, जवळ-दूर हा भेदच नाहीसा होतो. स्वतःच्या पायाखालचा खड्डा दिसत नाही. त्यासाठी इमारतींमध्ये बांबूच्या काठ्यांवर झेंडे लावलेल्या ओळी असतात. एका झेंड्यापासून दुसरा दिसत नसेल, तर जागचे हलायचे नाही. वीस पावलांवरच्या तंबूकडे निघालेला माणूस पठारावर भरकटू शकतो, हे वाचताना अतिशयोक्त वाटते. एकदा अशी हवा अनुभवलेल्यास वाटत नाही.

या सोयी किती नव्या आहेत हे कळायला, याच बेटावरच्या एका जुन्या तळाकडे पाहावे. खंड सरकतात असे १९१२ मध्ये मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मध्यभागी, किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत, ‘आइसमिट्टे’ नावाचा तळ उभारविला. सामान वेळेत पोहोचले नाही. तेथल्या योहानेस गेओर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे यांनी हिमात गुहा कोरून मुक्काम केला. ऑक्टोबरअखेर वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या गाड्यांवरून पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या फ्रिट्झ लोव्हे यांच्या पायाची बोटे गोठून गेली होती. ती पुढे गुहेतच, भूल न देता, खिशातल्या चाकूने आणि पत्रा कापण्याच्या कात्रीने कापावी लागली. तिघांनी तेथे हिवाळा काढला. झोर्गे त्या काळातही खाली विवर खोदून हिमाची घनता मोजत राहिले आणि त्यांनी काढलेला नियम आजही हिमशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखला जातो. अन्न तिघांपुरतेच होते. म्हणून वेगेनर आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, १ नोव्हेंबर १९३० रोजी, ग्रीनलंडचे तरुण सोबती रासमुस विलुमसेन यांच्यासह परत निघाले. वेगेनर यांचा मृतदेह पुढील मे महिन्यात बर्फात नीट पुरलेला सापडला. तो ज्याने पुरला तो विलुमसेन कधीच सापडला नाही.

बर्फावर पाऊस

ईस्टग्रिपच्या आधीच्या नीम तळावर जुलै २०१२ मध्ये मंडळींनी एक वेगळाच प्रसंग पाहिला. त्या महिन्यात चार-पाच दिवसांत ग्रीनलंडच्या हिमपठाराच्या जवळजवळ सर्व पृष्ठभागावर वितळण्याच्या खुणा उपग्रहांना दिसल्या. जेथे पाणी पाहायचे तर टाकीखाली इंधन जाळावे लागे, त्या तळावर पाऊस पडला. पाय घोट्यापर्यंत रुतू लागले. हिमगाभ्यांतील नोंदींनुसार असे व्यापक वितळणे त्याआधी १८८९ मध्ये झाले होते. या थरांतून एक लाख वीस हजार वर्षांपूर्वीच्या उष्ण काळाचा शोध घेण्यासाठी आलेल्या माणसांना बाहेर चालू काळातला उष्णपणा पायाने चाचपता आला.

ईशान्येकडील हिमप्रवाहाबद्दल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चिंता आणखी वाढविली. किनाऱ्यावरचा हिमाचा बांध फुटल्याचा परिणाम दोनशे किलोमीटरहून अधिक आतवर जाणवतो, बर्फ पातळ होतो आणि त्याचा वेग वाढतो, असे त्यातून दिसले. तळाशी नेमके काय आहे हा प्रश्न म्हणूनच मोलाचा होता. जुलै २०२३ मध्ये दाते बर्फ संपून ओल्या गाळात शिरले. अनेक वर्षे काचेसारखा गाभा पाहिलेल्या डोळ्यांसमोर नळीतून चिखल आला. हिमप्रवाह आतल्या आत दुमडत, ताणत जाण्यापेक्षा बहुतांशी एखाद्या लादीसारखा या ओल्या तळावरून सरकतो, हे त्याने पुष्ट केले.

आपल्याकडे गोव्यात, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात, अंटार्क्टिकाहून आणलेले हिमगाभे उणे वीस अंशांच्या शीतकक्षात ठेवलेले आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम याच किनाऱ्यावरून निघाली होती. बाहेर दमट समुद्रवारा आणि माडांची झावळी, आत जाड कोट घालून करवतीवर वाकलेली माणसे, हा विरोधाभास तेथे नेहमीचा झाला आहे. भारताचे ‘हिमाद्री’ हे उत्तर ध्रुवीय केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात आहे.

ईस्टग्रिपचे भोक विंधन संपले म्हणून बुजवलेले नाही. ते द्रवाने भरलेले आहे, जेणेकरून मोजमापाची उपकरणे पुन्हा आत सोडता येतील आणि भोक कोठे, किती वाकले हे पाहता येईल. त्या वाकण्यावरून वरचा बर्फ खालच्या बर्फापेक्षा किती वेगाने पुढे गेला, याचा हिशेब लागतो. आणि हा सारा हिशेब मांडला जात असताना ते भोकही रोज सोळा सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत असते.